पहिलं नाव माहं

नागपूरचे दोन पाहुणे पांढुर्ण्याले आगगाडीतून उतरले, तवा मी, गुणवंता, टॅक्सी घेऊन उभाच होतो. लोकायले जंगल दाखवून आननं हाच माहा धंदा. राखीव जंगलात बंदूक चालत नाही, हे मी यायले निघतानाच सांगतलं होतं. तरी मी झऱ्यावर पानी प्यायले गेलो अन् यायनं चितळाची गाभण मादी पाडली.

"अरे भाऊ, कालच नवं राज्य झालं," मादी डिक्कीत टाकत त्यायच्यातले जाडे पाहुणे हसले. "राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आता इथं कोण विचारतं?"

माहं डोकं असं तापलं! गाडी सुसाट हानली. पाहुणे खूश. स्टेशनचा फाटा आला, मी वळलोच नाही. हॉर्न दाबून धरला अन् जंगल नाक्यावर रेंजरसाहेबापुढंच ब्रेक मारला.

"साहेब, डिक्की पाहा!"

"यानंच आम्हाला जंगलात नेलं!" पाहुणे ओरडले. "यालाही धरा!"

गुन्ह्याची वही उघडून रेंजरसाहेब माह्याकडं पाहून राहिले.

"खरं हाये," मी म्हनलो. "पहिलं नाव माहं लिहा. पन लिहा!"