दोघांच्या हातची काठवट

मी काठवट बोलतेय. पीठ मळायची, लाकडाची, मांडी घातलेल्या बाईएवढी रुंद. स्टीलची परात घरोघर आली तेव्हापासून आम्हा काठवटींना अडगळ म्हणतात, म्हणून आज जरा मोठ्यानेच बोलणार आहे. कोणाला झोंबलं तर झोंबू द्या.

माझा जन्म सातपुड्यातला, काठी गावाच्या बाजूचा. करणसिंगने सागाचा ओंडका कोरून मला आकार दिला. आतून गुळगुळीत केलं ते त्याच्या बायकोने, कमलीबाईने. ती काचेच्या तुकड्याने घासायची, मोहाचं तेल चोळायची आणि मध्येच नवऱ्याला सांगायची, इथे खडबडीत राहिलंय, परत घे. तो मुकाट्याने परत घ्यायचा. दोघांच्या हातची आहे मी. एवढं लक्षात ठेवा, माझा राग कशाचा ते पुढे कळेल.

बाजारातून मला कोरीट गावच्या बेबीबाईने आणलं. घर मोठं, खाणारी तोंडं पुष्कळ. अंगात ताप असो की कंबर धरलेली असो, तिने माझ्यापुढे बसून पीठ मळलंच. तिच्या कपाळाचा घाम पिठात पडलेला मी पाहिलाय. तिचा नवरा दारातल्या ओट्यावरून विचारायचा, झाली का भाकर. माठ त्याच्या शेजारीच असायचा, तरी पाण्याचा तांब्या भरून द्यायला पिठाच्या हाताने हीच उठायची. हात त्या घरातल्या पुरुषांनाही होते. चुलीजवळ आले की मात्र लुळे पडायचे. आणि बेबीबाईला कोणी एकदाही म्हणालं नाही, बस गं, आज मी करतो.

तिच्या धाकट्या मुलाचं, दिनेशचं, लग्न झालं. तो नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला. लाल मिरची वाळवायची, रंग बघून निवडायची. बेबीबाईने मला त्याच्या बायकोच्या, संध्याच्या, हवाली केलं. म्हणाली, "मन्ही काठवट शे. सांभाळजो."

संध्या दिवसभर शिलाई मशीनवर, दिनेश पथारीवर. संध्याकाळी दोघं दमलेले. मग गाडीवरची भजी, पाव, शेव. मी भिंतीला टेकून उभी. असं खात राहिले आणि एक दिवस दिनेशच्या पायाला खिळा लागला. जखम भरेना. दवाखान्यात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं बंद. भाकरी खा, पालेभाजी खा, नाहीतर पाय हातचा जाईल.

संध्याने घरी येऊन मला धुतलं आणि नवऱ्यासमोर आणून आदळलं.

"पोट तुमनं शे. हात बी तुमनाच लागतीन."

"माले कोठे येस ते?"

"मी काय मायना पोटमातीन शिकीसन उनू का?"

बसला बिचारा. पण पथारीवरचे हात नीट धुतले नव्हते. त्या दिवशीची भाकर खाताना दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. संध्या नाक पुसत म्हणाली, "चला, ठेचा कराना ताप वाचना."

पुढे मात्र त्याचा हात बसला. ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं कळण्याचं पीठ तो असं मळायचा की माझ्या अंगाला कणभर चिकटायचं नाही. तो मळायचा, ती थापायची. ती वांगी भाजायची, तो सोलायचा. आणि ताट वाढावं ते त्यानेच. मिरचीचे रंग निवडणारी नजर ना ती. मेथीच्या भाजीशेजारी मुळ्याच्या पांढऱ्या चकत्या, भरिताच्या कडेला लाल ठेचा, मध्ये भाकर. कोथिंबीर मेथीजवळ ठेवली की चिडायचा, हिरव्यात हिरवं काय दिसणार म्हणायचा. दोघं एकाच ताटात जेवायचे. जखमेचं तोंड मिटत आलं होतं.

पण बाहेर चपला वाजल्या की हा गडी हात झटकून खाटेवर जायचा आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचा. संध्या म्हणायची, मीच मळलं. माझा इथेच संताप व्हायचा. अरे, चोरी केलीस का तू? भाकर तर मळलीस.

एक दिवस बेबीबाई न सांगता आली. तिने पोराचं कोपर धरलं.

"हाई काय शे?"

"पावडर शे, माय."

"कोपरले पावडर?"

मग तिने मला उचललं आणि कमरेवर घेतलं. "मन्हा पोऱ्याले बाई कराले नही दिधी मी हाई काठवट."

दिनेशने मान खाली घातली. संध्याने नाही घातली. "आत्याबाई, काठवट लयी जा. मंग त्यासना पाय बी लयी जा, ती जखम तुम्हीच भरा."

घरात परात होती. ठरवलं असतं तर तिच्यात पीठ मळता आलं असतं. पण दिनेशची हिंमतच मोडली. माय रागावली, म्हणून तो पुन्हा भज्यांच्या गाडीवर जाऊन उभा राहिला. अशा मायेला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

कोरीटला तिने मला गोठ्यात टाकलं. माझ्यात म्हशीच्या खुराकाची ढेप भिजायची. उन्हात पडून माझ्या पोटाला चीर गेली. ज्या बाईने माझ्यात आयुष्यभर घाम गाळला, तिनेच त्या घामाची रीत जपायला मला फोडलं. राग म्हशीचा नव्हता. ती निदान खाऊन माझ्याकडे बघायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या. अंगणात खापरावर मांडे करायचे होते. मांड्यांचं पीठ तिंबायला दम लागतो आणि बेबीबाईचा खांदा वर होत नव्हता. दिनेश-संध्या आले. तो लंगडत होता, पायाला नवी पट्टी. पुन्हा चिघळलं होतं. तो सरळ गोठ्यात आला, मला राखेने घासलं, चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकली आणि सगळ्यांदेखत अंगणात पीठ घेऊन बसला.

त्याचा काका भिकन ओट्यावरून म्हणाला, "का रे दिनेश, लुगडं घरीच ऱ्हायनं का?"

"काका, मांडा खाशात ना? मंग गुपचूप बठा."

पोरी हसल्या. बेबीबाई हसली नाही. ती त्याच्या पायाकडे बघत उभी राहिली. पट्टीतून ओल बाहेर आली होती. मला वाटलं, आता पुन्हा उचलते मला.

ती खाली बसली. त्याच्या हातातलं पाण्याचं भांडं काढून घेतलं. "पानी थोडं थोडं टाक. मांडासनं पीठ शे, भाकरनं नही."

तेवढ्यात भिकनने सवयीने हाक मारली, वहिनी, पाणी द्या. माठ त्याच्या शेजारीच होता.

बेबीबाईने मान वर केली नाही. "माठ तुमनाजोडेच शे, भिकनभाऊ. हात लांबवा."

मग माठावरचं झाकण वाजलेलं मी ऐकलं.

आता मी पुन्हा नंदुरबारला आहे. पट्टी ठोकलेली, एका बाजूला कललेली. दिनेशचा पाय अजून पुरता बरा नाही, पण दार उघडं टाकून तो पीठ मळतो. चपला वाजल्या तरी उठत नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण माळ्यावर असेल. तिला शोभेला भिंतीवर टांगू नका. खाली काढा, धुवा आणि घरातला जो माणूस जेवण झालं का म्हणून विचारतो, त्याच्यापुढे ठेवा.