लॅपटॉपची मर्यादा

आमच्या कर्वेनगरच्या घरात खातेवाटप पक्कं आहे. कागद माझ्याकडे, कारण मी जन्मभर लेखापरीक्षण केलं. स्वयंपाकघर ज्याला आधी भूक लागेल त्याच्याकडे. आणि वायर असलेली प्रत्येक वस्तू आमच्या चिरंजीवांकडे, म्हणजे विश्वजीतकडे. दुसऱ्याच्या खात्यात बोट घालायचं नाही, हा नियम माझी सून तनुजा सगळ्यांत निष्ठेनं पाळायची.

तनुजा गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. खेळ बाजारात जाण्याआधी तो खेळून त्यातले दोष काढते. दुसऱ्यांचे दोष काढूनच मला पेन्शन मिळते, त्यामुळे तिच्या कामाबद्दल मला आदर आहे. उन्हाळ्यात साहेबांनी तिला मोटारशर्यतीच्या नव्या खेळाचं मुख्य काम देऊ केलं. कित्येक वर्षं ती याच कामाची वाट बघत होती. अट एकच होती, घरचा मॉनिटर सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवणारा हवा. नाहीतर गाडी अडखळतेय की पडदाच अडखळतोय, हे कळायचं कसं?

तिनं तसा मॉनिटर आणला. विश्वजीतनं जोडून दिला. सेटिंगमध्ये आकडा आला साठ.

"साठच?"

"लॅपटॉपची मर्यादा आहे गं," विश्वजीत म्हणाला. "बाहेरच्या स्क्रीनला तो एवढंच देतो. बादली कितीही मोठी आणलीस, तरी नळाला पाणी तेवढंच येणार ना?"

पुण्यात नळाचं उदाहरण दिलं की कोणी वाद घालत नाही.

कंपनीचा नवा लॅपटॉप मिळायला अजून वर्ष होतं. शेवटी तनुजानं साहेबांना नकाराचा मेल लिहायला घेतला. विश्वजीत शेजारी पोहे खात बसला होता. वाकून वाचून म्हणाला, "'जमणार नाही' लिहू नकोस, वाईट दिसतं. 'लॅपटॉप सपोर्ट करत नाही' असं लिही."

तिनं तसं लिहिलं. काम सोनालीला गेलं. सोनालीला हे काम शिकवलं होतं तनुजानंच.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी पोटापाण्याची हत्यारं पुसून पुजतात. माझ्या वडिलांच्या वेळी पाटावर नांगराचा फाळ असायचा, माझ्या वेळी कॅल्क्युलेटर आला. आता दोन लॅपटॉप, दोन मॉनिटर. तनुजाचा पोटापाण्याचा, विश्वजीतचा गेम खेळण्याचा. झेंडू दोघांनाही सारखाच. सगळं सोडवून, पुसून, केबली एका ताटात ठेवल्या होत्या.

पूजा झाली. विश्वजीत श्रीखंडाच्या रांगेत उभा राहायला गेला. तनुजाला ऑफिसचं काहीतरी पाठवायचं होतं.

"पुजलेलं हत्यार आज चालवू नये," मी म्हटलं.

"बाबा, ते आमच्या सरांना सांगा," ती म्हणाली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिनं वायरींना हात लावला. ताटात वर आली ती केबल उचलली, लॅपटॉपला जिथे बसली तिथे बसवली.

पडद्यावरचा बाण लोण्यासारखा सरकला. ती थबकली. सेटिंग उघडलं. एकशे चव्वेचाळीस.

तिनं ती केबल काढली, दुसरी लावली. साठ. पुन्हा पहिली लावली. लॅपटॉप तोच, मॉनिटर तोच. लॅपटॉपला केबल लावायच्या दोन जागा होत्या, एक बोळ आणि एक हमरस्ता. तिला आजवर बोळातून चालवलं होतं.

विश्वजीत श्रीखंड घेऊन दारात आला. तनुजाला केबल लावताना बघून चपला काढायच्या विसरला.

"ही माझ्या मॉनिटरच्या खोक्यातली ना?" तनुजानं विचारलं.

"अगं, ती... सहज माझ्याला लावून बघितली होती. गेम इतका मस्त चालायला लागला ना! तुला तात्पुरती टीव्हीची जुनी लावली. नवी मागवणारच होतो."

"मग?"

"तेवढ्यात तू विचारलंस. मी बोलून गेलो काहीतरी. नंतर मागवली असती तर तू म्हणाली असतीस, आता कशी चालली?"

"मी मेल लिहीत होते तेव्हा तू शेजारी होतास."

त्यानं श्रीखंडाचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"शब्दसुद्धा सुचवलेस."

"तनू, एवढीशी केबल आहे गं. तुला दहा आणून देतो."

"केबलबद्दल मी बोलतेय का?" आवाज चढला नाही, हेच मला बरं वाटलं नाही. "आता सरांना काय कळवू? लॅपटॉपची मर्यादा नव्हती, नवऱ्याची होती?"

मी श्रीखंड फ्रीजमध्ये ठेवलं.

काम सोनालीकडेच राहिलं. तनुजाचा मॉनिटर आता एकशे चव्वेचाळीसवर चालतो; त्यावर ती जुन्याच खेळांचे दोष काढते.

दसऱ्याला जेवणं उरकली. विश्वजीतनं सगळ्यांसाठी चहा केला, न सांगता केला. कप ठेवत म्हणाला, "गॅस बंद केलाय हं."

तनुजा उठली. स्वयंपाकघरात गेली.

जन्मभर मी हेच केलं. समोरचा सांगतो ते ऐकून घ्यायचं, मग उठून स्वतः बघून यायचं. कचेरीत याला दक्षता म्हणायचे, आणि संध्याकाळी घरी आलो की मी ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचो. विश्वजीतची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती, हातातला कप तसाच.

तिनं गॅसचा नॉब चाचपून बघितला. बंदच होता. ती परत येऊन बसली, चहा प्यायली.