यादीत नसलेला बोर्ड

"अहो, दिवा लुकलुकतोय की याचा! मेला असता तर लुकलुकला असता का?" नोंगताईंनी बोर्ड थेट माझ्या नाकासमोर धरला.

मी पडद्यावरच्या ओळीकडे बोट दाखवलं. 'बोर्ड सापडला नाही.'

"मशीन खोटं बोलत नाही, ताई."

हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शेन्झेनच्या आमच्या कारखान्यात शाळकरी मुलांसाठी छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड बनतात. नोंगताई शेवटच्या टेबलावर. बोर्डाला केबल लावायची, पडद्यावर हिरवी खूण आली की खोक्यात ठेवायचा. अकरा वर्षं हेच. खूण दाखवणारा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम माझा. त्या आठवड्यात नवा माल त्यांच्याच टेबलावर आला आणि दोनशे बारा बोर्ड नापास झाले.

"मनगटाचा अर्थिंगचा पट्टा बांधत नाही ही," सुपरवायझर ख्वांग माझ्यासमोरच ओरडला. "अंगातल्या विजेनं बोर्ड मारते. उद्या सकाळी माफीनामा वाचायचा!"

"पट्ट्याचे वळ बघा माझ्या हातावर. आंघोळ केली तरी जात नाहीत."

"ते वळ घरी दाखव. कागदावर 'चूक माझी' एवढं हवं."

सकाळच्या रांगेत, नव्वद माणसांसमोर, ताईंनी ते वाचलं. कुठेही न अडखळता. रिवाजाप्रमाणे टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग जागेवर येऊन, नुसत्या वैतागानं, त्यातला एक बोर्ड माझ्या कॉम्प्युटरला जोडला आणि प्रोग्रामला सांगितलं, ओळखीचेच निवडू नकोस, केबलनं जोडलेले जे जे पोर्ट दिसतील ते सगळे दाखव.

पोर्ट दिसला. बोर्ड ठणठणीत होता. फक्त कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या त्याच्या सिरियल चिपमधला, ती बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक वेगळा होता.

मी खरेदी विभागात धावलो. "चिप बदललीत?"

"हो, स्वस्त मिळाली. काम तेच करते की."

"मला सांगायचं नाही?"

"तुमचा काय संबंध? तुम्ही प्रोग्रामवाले."

त्यांच्यावर तरी किती चिडणार? माझा प्रोग्राम प्रत्येक पोर्टला चिपचा क्रमांक विचारायचा आणि यादीत नसला की गुपचूप टाकून द्यायचा. 'अनोळखी काहीतरी जोडलंय' एवढंही सांगायचा नाही. ती यादी सहा वर्षांपूर्वी मीच केली होती. दोन क्रमांकांची. तिसरा घातला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनशे बाराही हिरवे झाले.

"मिटलं ना?" ख्वांग म्हणाला. "मग कशाला उकरून काढता?"

"आणि ताईंनी वाचलं त्याचं काय?"

"वाचून झालंय. आता काय परत घ्यायचं त्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन मी रांगेपुढे उभा राहिलो. ख्वांग डोळे वटारत होता. 'चूक माझी' हे मी इतकं हळू वाचलं की पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल.

"मोठ्यानं वाचा, थानसाहेब," मागून नोंगताईंचा आवाज आला. "काल मी वाचलं ते फाटकापर्यंत ऐकू गेलं होतं."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.