चौदा नंबरसमोरची फुली

केरिन डथीला गप्प बसता येत नाही, हे बर्नी गावात कोणालाही विचारा. सतरा वर्षं ती पैसे घेऊन बास्केटबॉल खेळली. बेंडिगो, टाऊन्सव्हिल, मध्येच दोन हिवाळे पोलंडमध्ये. शेवटी उजव्या गुडघ्याने हात टेकले आणि ती गावी परतली. गावच्या बायकांच्या संघाने, म्हणजे सीगल्सने, तिला वाजतगाजत प्रशिक्षक केलं. सगळे खूश होते. पहिल्या सामन्यापर्यंत.

कारण केरिन प्रशिक्षक झाली ती फक्त कागदावर. अंगाने ती अजून खेळतच होती. रेषेबाहेर उभी राहून प्रत्येक पास ती ओरडून द्यायची. चेंडू रिंगकडे निघाला की तिचंही मनगट हवेत वळायचं. बिचाऱ्या पोरी चेंडूकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायच्या, आणि हरायच्या.

हंगाम संपत आला तेव्हा क्लबचे अध्यक्ष क्लाइव्ह बूथबी यांनी तिला बाजूला घेतलं. क्लाइव्ह सरळ माणूस, गोड बोलून गळा कापणाऱ्यातले नव्हेत.

"हे बघ पोरी, शनिवारी लॉन्सेस्टनला हरवलंत तर आपण बाद फेरीत, आणि तू पुढच्या वर्षीही आमची. नाहीतर होबार्टहून एक जण यायला तयार आहे."

 केरिनला ही जागा हवी होती. आपलं गाव, आपलं मैदान, सकाळी कुत्र्याला घेऊन समुद्रावर फेरी आणि संध्याकाळी सराव. इतकं सुखाचं आयुष्य तिला याआधी कधी मिळालं नव्हतं. ते एका शनिवारावर येऊन टेकलं होतं.

शनिवारी दुपारी हॉल भरला. सामन्याला दहा मिनिटं उरली की प्रशिक्षकाने गुणपत्रकावर सही करायची आणि सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणींच्या नंबरासमोर फुली मारायची, असा नियम. केरिनने ते काम मुलींवर ओरडता ओरडता उरकलं. नजर मैदानावर, हात कागदावर.

पाच जणी मैदानात गेल्या. पंच चेंडू हातात घेऊन मध्यावर पोचला, तेवढ्यात गुणपत्रक सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस ट्रेगार्थननी त्याला हात करून बोलावलं.

"पंधरा नंबरसमोर फुली नाहीये. चौदासमोर आहे."

केरिनच्या तोंडचं पाणी पळालं. चौदा हा तिचा स्वतःचा नंबर! सतरा वर्षं पाठीवर वागवलेला. शेवटची दोन वर्षं तर एका छोट्या क्लबात ती खेळाडूही होती आणि प्रशिक्षकही, त्यामुळे दर आठवड्याला स्वतःलाच फुली मारायची. हाताने जुनी वाट धरली होती.

"चूक झाली माझी. पंधरा नंबर खेळेल," ती म्हणाली.

"कागदावर सही आहे तुमची," पंच म्हणाला. "फुली ज्यांना, त्याच सुरुवात करणार."

सीगल्समध्ये आता चौदा नंबर होता रोवेना पिअर्सचा. रोवेना केरिनच्याच वर्गातली. केरिन एकोणिसाव्या वर्षी गाव सोडून गेली, त्या आठवड्यात रोवेनाने हा नंबर मागून घेतला. तेव्हापासून ती संघात होती, म्हणजे बहुतेक बाकावर होती. आठवडाभर दुधाचा टँकर चालवायची, शनिवारी येऊन शेवटची तीन-चार मिनिटं खेळायची. संघाच्या पहिल्या पाचांत ती आजवर एकदाही नव्हती.

आत्ता ती जाकीट पांघरून, थर्मासातला चहा पीत बसली होती.

"रो, ऊठ! तू सुरुवात करतेयस."

"मी? डथी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"पहिली शिट्टी वाजून खेळ थांबला की बाहेर काढते. फक्त कशाला हात लावू नकोस."

रोवेनाने चहा खाली ठेवला आणि मैदानात गेली. खेळ सुरू झाला. केरिन सवयीने रेषेला भिडली. "डावीकडे! डावीकडे, पिया! अगं वर बघ!"

रोवेना धावता धावता तिच्यासमोर आली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ए डथी, बस खाली! तू खेळत नाहीयेस!"

लोक हसले. लॉन्सेस्टनचं बाकसुद्धा हसलं. केरिनचे कान लाल झाले आणि ती मटकन खाली बसली.

पहिली शिट्टी वाजली तेव्हा सीगल्स सहा-शून्यने पुढे होत्या. पोरी आता केरिनकडे बघत नव्हत्या, एकमेकींकडे बघत होत्या. रोवेना काही भारी खेळत होती असं नाही. पळताना तिचा भाता चालायचा. पण लॉन्सेस्टनच्या त्या ताडमाड मुलीच्या वाटेत ती म्हशीसारखी ठाण मांडून उभी राहायची, आणि आपल्या पोरींना शिव्या घालत हसवायची. केरिनने पंधरा नंबरच्या जॉर्जाला उठवलं.

"कोच, थांबा ना जरा," जॉर्जाच म्हणाली. "चांगलं चाललंय की."

केरिनने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसून राहिली. तो अख्खा सामना तिने तसाच काढला. जॉर्जा आत गेली, रोवेना बाहेर आली, पुन्हा आत गेली, आणि प्रत्येक बदलाला केरिन जेमतेम दोन वाक्यं बोलली. शेवटच्या मिनिटात दोनच गुणांची आघाडी उरली तेव्हा ओठ घट्ट मिटून ती गप्प राहिली. लॉन्सेस्टनचा शेवटचा फटका रिंगवर आपटून बाहेर आला, पियाने तो झडपला, आणि भोंगा वाजला. केरिनचा जीव भांड्यात पडला.

क्लाइव्ह खाली धावत आले. "काय डोकं लावलंस! रोवेनाला सुरुवातीला उतरवायचं कोणाला सुचलं असतं? सोमवारी ये आणि पुढच्या वर्षीच्या कागदावर सही कर."

"क्लाइव्ह, खरं सांगायचं तर मी..."

रोवेनाने तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. क्लाइव्ह कँटीनकडे वळले.

दोघी बाहेर गाड्यांपाशी आल्या. ऊन होतं, समुद्रावरून वारा येत होता. रोवेनाच्या हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज होतं.

"रो, तुला एक सांगायला हवं. ती फुली..."

"चुकून मारलीस. माहितीये."

"कधीपासून?"

"पंच बोलला तेव्हापासून. थोबाड कसलं झालं होतं तुझं!"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? 'बाई, ही चूक आहे, मला परत बसवा'?" रोवेना सॉसेजकडे बघत म्हणाली. "सतरा वर्षं थांबले होते गं. कोणाच्या का चुकीने होईना."

 इतकी वर्षं आपण चौदा नंबर घालून जगभर मिरवलो, आणि इथे हिने तो बाकावर बसून जपला, हे केरिनच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"पुढच्या शनिवारीही तूच सुरुवात करणार," ती म्हणाली. "आणि ते मी शुद्धीवर असताना सांगतेय."

शाळेपासून प्रत्येक गोष्टीला उलट उत्तर देणाऱ्या रोवेनाने या वेळी पाठ फिरवली, उरलेला पाव गाडीच्या टपावर ठेवला आणि ती कागदी रुमालाने कितीतरी वेळ नाक पुसत राहिली.