भिंतुले काय खातात

भिंतुले काय खातात, हे मालिकेत कुठेच सांगितलेलं नव्हतं. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतींत राहणारे, तळहाताएवढे, कानांवर शेवाळ उगवलेले हे प्राणी. टीव्हीवरच्या त्या कार्टूनमध्ये ते भांडत, गात, पाइपांतून घसरत, एकमेकांच्या कानांवरचं शेवाळ विंचरून देत. पण जेवताना कधी दिसले नाहीत. मालिका संपली आणि तिचे चाहते एका संकेतस्थळावर स्वतःच पुढच्या गोष्टी लिहायला लागले. तेव्हा हा प्रश्न ज्याला त्याला आडवा आला. बहुतेकांनी त्याला वळसा घातला.

काजळीला वळसा घालता येईना. काजळी हे तिचं तिथलं टोपणनाव. एरवी ती घरी बसून परभाषेतल्या कार्यक्रमांच्या तळाशी येणाऱ्या ओळी लिहायची. तिच्या गोष्टीत भिंतुल्यांचं एक कुटुंब अडकलं होतं. बाहेरून कुणीतरी भिंतीची भेग सिमेंटने बुजवून टाकली होती आणि आत आई, बाप, दोन पोरं आणि एक चिडकी आत्या. चार प्रकरणं त्यांनी धीर देण्यात आणि रुसण्याफुगण्यात काढली. आता त्यांच्या पोटात काहीतरी घालणं भाग होतं.

काजळीने ठरवलं, ते वास खातात.

तिच्या इमारतीत तळमजल्यावर बेकरी होती. न्हाणीघराच्या झरोक्यातून सकाळी ताज्या पावाचा वास वर यायचा. काजळी उलट्या घातलेल्या बादलीवर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, तिथेच लिहायची. तिने लिहिलं : पोरांना लोण्याचा वास, बापाला करपलेल्या कडांचा, आणि आत्याला कशाचाच वास पसंत नाही म्हणून ती उपाशी. वाचक खूश झाले. किती हळवं, किती तरल, असे अभिप्राय आले. दुसऱ्यांच्या गोष्टींतले भिंतुलेही वास हुंगून ढेकर द्यायला लागले.

फक्त ‘खडूस’ नावाच्या एका वाचकाने लिहिलं, “वासावर कोण जगतं? त्यांना दात आहेत. पहिल्याच भागात दिसतात. दात कशाला दिलेत मग, दाखवायला? बाई, तुमची माणसं मरतायत आणि तुम्ही कविता करताय.”

काजळीला इतका राग आला की तिने लॅपटॉप धाडकन मिटला. मग उघडून तेच पुन्हा वाचलं.

तिच्या घराबद्दल सांगायला हवं. नवरा व्यायामशाळेत शिकवायचा. माणूस गोड, लोकांना हवाहवासा. जिन्यात भेटेल तो पोट आत घेऊन त्याचा सल्ला विचारायचा. त्याचे वडील जेवता जेवता खुर्चीवरून कोसळले होते, ते त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. लग्नानंतर एकदा जिना चढताना काजळीला धाप लागली, तेव्हा तो तिचा हात धरून रडला होता. “तुला काही झालं तर मी काय करू?” त्या रडण्याने ती विरघळली. “तू सांगशील तसं खाईन,” असं तीच म्हणाली होती.

तेव्हापासून तो सकाळी निघण्याआधी छोट्या वजनकाट्यावर तिचं दिवसाचं खाणं मोजून डब्यांत भरून ठेवायचा. वर्षागणिक डबे लहान होत गेले. कपाटांना कुलपं नव्हती. कुणी थट्टेने विचारलं तर तो हसायचा, “कुलूप कशाला? आमचं घर म्हणजे काय तुरुंग आहे?” पण जाताना तो फडताळाचा फोटो काढून न्यायचा आणि ओट्यावर कॅमेरा होता, गॅस चालू राहू नये म्हणून. तिचा फोन कुठे आहे हे त्याला त्याच्या फोनवर दिसायचं, त्यामुळे ती खाली उतरली की मिनिटभरात फोन वाजायचा. “कुठे निघालीस गं पिल्लू? काय हवंय? मी आणतो ना येताना.” आवाजात राग कधीच नसायचा. हळूहळू तिने उतरणंच सोडलं. कॅमेरा न्हाणीघरात नव्हता, म्हणून ती तिथे बसायची.

खडूसला दाखवूनच देऊ, म्हणून तिने जेवणाचा प्रसंग लिहायला घेतला. भिंतुल्यांना गिरणीतली जुनी पिठाची गोणी सापडते, एवढं ठरलं. पुढे गाडी अडली. चव कशी लिहायची ते आठवेना. पीठ म्हटलं की तिच्या डोक्यात आधी वजन यायचं. तिने लिहिलं, “आईने पोरांना चिमूटभर दिलं आणि उरलेलं उद्यासाठी ठेवलं.” पुढचं वाक्यही तसंच आलं, त्याच्या पुढचंही. पानभर मजकूर झाला आणि त्यात कुणी घासच घेतला नव्हता. नुसती वाटणी चालली होती. तिने सगळं पुसलं.

त्या आठवड्यात एका दुपारी नणंद आली. ती जनावरांची डॉक्टर. घोड्याच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या या धिप्पाड बाईला घरात सगळे अजून ‘बेबी’ म्हणत. तिच्या दवाखान्याचा पाण्याचा पंप जळाला होता.

“वहिनी, आंघोळ करू दे बाई. एका बोकडाने माझ्या अंगावर काय काय केलंय ते विचारू नकोस.”

आंघोळ करून ती केस पुसत स्वयंपाकघरात आली. काजळीने सहज विचारावं तसं विचारलं, “बेबी, समज, भिंतीत राहणारा तळहाताएवढा प्राणी आहे. तो काय खाईल?”

“उंदीर झालेत का?”

“नाही गं. कल्पनेतला. मी गोष्ट लिहितेय.”

बेबी खुर्ची ओढून बसली. असला प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ती फुलली. “डोळे कुठे आहेत? समोर की बाजूला?”

“समोर.”

“मग शिकार करत असणार. दात?”

“पुढे दोन टोकदार, मागे चपटे.”

“म्हणजे मिळेल ते खाणारा. आपल्यासारखा. झुरळं, पाली, भिंतीवरच्या जाहिरातींमागची खळ, साबण, यंत्रांना लावलेली चरबी. चरबी हवीच. एवढासा जीव, थंड भिंत, अंगातली ऊब टिकवायची तर त्याने सारखं खात राहिलं पाहिजे. जितका लहान जीव, तितकी मोठी भूक. हत्ती उपास करेल, चिचुंद्री नाही करू शकत.”

“आणि नुसत्या वासावर राहिला तर?”

“आधी गप्प होईल. मग केस गळतील. अंगावर बारीक लव येईल, शरीर ऊब शोधतं म्हणून. दातांच्या कडा झिजतील. मग एका कोपऱ्यात बसून राहील, आणि मालक मला फोन करून सांगेल, डॉक्टर, हल्ली किती शहाणा झालाय, काही त्रास देत नाही.”

बोलता बोलता बेबी थांबली. काजळीने कॉफीचा कप पुढे केला होता आणि तिची बाही वर सरकली होती. बेबीने तिचं मनगट धरलं. जनावराला धरतात तसं, न दुखवता पण सुटणार नाही असं. दुसऱ्या हाताने खालची पापणी ओढून पाहिली.

“आज काय खाल्लंस?”

काजळीने सांगितलं. उकडलेलं अर्धं अंडं, काकडी आणि संध्याकाळचा डबा बाकी आहे.

“काल?”

“तेच. अगं, मला सवय आहे. आणि तो माझ्या भल्यासाठीच—”

“मी त्याच घरात वाढले, वहिनी,” बेबी म्हणाली. “बाबा गेल्यावर दादा माझ्या ताटातलं काढून घ्यायचा. रडत रडत काढायचा. आई म्हणायची, किती जीव लावतो बहिणीला. मी वसतिगृहात गेले तेव्हा पहिला महिनाभर नुसती खात होते.” तिने मनगट सोडलं. “मला वाटलं होतं, मोठा झाल्यावर भीती जाईल त्याची.”

संध्याकाळी नवरा आला तेव्हा बेबी गेली नव्हती. तिने बटाटे घालून दाट सूप केलं होतं, पाव भाजून त्यावर लोणी लावलं होतं आणि तीन ताटल्या मांडल्या होत्या. त्याने ओट्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. हसला.

“वा, मेजवानी! पण हिला नाही चालत हे. त्रास होतो.”

“तिला बोलू दे.”

“विचार की. हिलाच विचार.”

दोघं तिच्याकडे बघायला लागली. सूप वाफाळत होतं. काजळीला त्याच्या डोळ्यांत ती खुर्ची दिसली, कोसळणारा माणूस दिसला आणि नेहमीसारखं त्याला सावरावंसं वाटलं. ‘नको मला’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण बाहेर पडले ते दुसरेच.

“मला भूक लागलीय.”

तिने स्वतःच दचकून तोंडावर हात नेला. तो उठला, तिच्या मागे आला, खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “भूक नाही गं ती. सवय आहे. पाणी पी.” आणि ती पाणी प्यायली. बेबीसमोर, पूर्ण पेला. ताटली तशीच राहिली.

बेबी निघाली तेव्हा दारात काजळीने मान खाली घातली होती. “रागावलीस?”

“आजारी जनावरावर रागावतात का?” बेबी म्हणाली. “माझ्या दवाखान्याच्या वर एक खोली आहे. दार ढकललं की उघडतं. तुझं तू ठरव. ओढून नेलं तर तू परत येशील, मला माहितेय.”

पुढचे काही दिवस नवरा खूप मऊ वागला. एकदाच म्हणाला, “माझ्या बहिणीसमोर तू मला राक्षस केलंस.” मग तिला जवळ घेऊन विचारलं, “दिवसभर काय लिहीत असतेस? मला कधी वाचायला देत नाहीस.” तिने घाबरत लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. त्याने सगळी प्रकरणं एका बैठकीत वाचली. वास खाणाऱ्या कुटुंबापाशी आल्यावर त्याचे डोळे भरून आले.

“किती सुंदर आहे हे,” तो म्हणाला. “काही न खाता कसे आनंदात राहतात. बघ, आतून तुलाही हेच पटलेलं आहे. मी उगाच घाबरत होतो.”

त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकवले. काजळीला अंगभर गार वाटलं. खडूसने शिव्या घातल्या तेव्हाही तिला आपण लिहिलेल्याची इतकी लाज वाटली नव्हती. तिचा सगळ्यात खूश वाचक समोर बसला होता आणि त्याला त्या गोष्टीत कुणी मरताना दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने लॅपटॉप पिशवीत टाकला आणि जिना उतरली. बेकरीपाशी पोचेपर्यंत फोन वाजला. “कुठे निघालीस गं पिल्लू?” तिने फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा. तिसऱ्या चौकात ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. घरी परतणं सोपं होतं. रस्ता उताराचा होता. बराच वेळ ती तिथेच बसून होती. फोन वाजत राहिला आणि शेवटी त्याची बॅटरी संपली. मग ती उठली आणि चढाने निघाली.

बेबीने तिला पाहून फक्त एवढंच म्हटलं, “चप्पल बाहेर काढ, आत लादी ओली आहे.”

सुटका झाली असं तिला वाटलं नाही. पहिले काही दिवस पोटात साधं सूपही ठरायचं नाही. फ्रिज उघडण्याआधी ती खाली जाऊन बेबीला विचारून यायची. बेबी एका मांजराला टाके घालत असली तरी मान न उचलता ओरडायची, “उघड!” काजळी पुन्हा वर जायची आणि फ्रिजसमोर उभी राहायची. नवरा एकदा दवाखान्यात आला. कुत्री घेऊन आलेल्या लोकांमध्ये तास-दीड तास बसून राहिला, रडला. ती जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत उतरली आणि तिथूनच म्हणाली, “मी नाही येणार. तू कुणाला तरी दाखव, तुझ्या भीतीसाठी.” तिचा आवाज इतका बारीक आला की त्याला तो ऐकू गेला की नाही, कोण जाणे. पण तो उठून गेला.

गोष्टीचं पुढचं प्रकरण तिने त्या खोलीत लिहिलं. भिंतुल्यांनी यंत्राची चरबी चाटली, खळ खरवडली, आत्याने पहिलं झुरळ पकडलं आणि कुणाला न देता एकटीने कुरकुर चावून खाल्लं. तरल वाचक नाराज झाले. एकीने लिहिलं, “आमचे भिंतुले असे हावरट नव्हते.” काजळीने ते वाचलं आणि आत्याला आणखी एक झुरळ दिलं. भेग मात्र तिने उघडली नाही. ती कशी उघडायची, हे तिला अजून माहीत नव्हतं.

एका सकाळी बेबीने तिला पिशवी देऊन पिटाळलं. “मला गाय बघायला जायचंय. तुला आवडेल ते घेऊन ये.”

कोपऱ्यावरच्या दुकानात आंबट, गोड, तिखट असं बरंच काही रचलेलं होतं. काजळी फळीपुढे उभी राहिली. मागे दोन गिऱ्हाईकं येऊन गेली. दुकानदार म्हणाला, “काय देऊ, ताई?”

“मला काय आवडतं ते माहीत नाही,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा लाल झाला.

दुकानदाराला त्यात काही विशेष वाटलं नाही. “बघा मग सावकाश,” असं म्हणून तो फुटलेली अंडी निवडायला लागला.

तिने एक बरणी उचलली, ठेवली. दुसरी उचलली. शेवटी पिवळं झाकण आहे म्हणून एका मुरंब्याची बरणी घेतली, बाहेर येऊन उन्हात झाकण फिरवलं आणि बोट बुडवून चाटलं. भलताच आंबट होता. तिचं तोंड वाकडं झालं. “हा नाही आवडत,” ती मोठ्याने म्हणाली आणि पुन्हा आत गेली.