ठरावाची सूचक मीच

पोरगं माझं, आन् मिरवती कोण, तर मांगीलालशेठची सून! सांगा, कुठल्या आईला सोसंल?

माझा सोपान फौजेत हाय. त्याची पलटण आफ्रिकेत गेलीय, शांतिसेनेत. जगातले देश मिळून ही सेना पाठवतात. दोन टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठल्या की मधी उभं ऱ्हायचं, आन् घरदार सोडून छावणीत आलेल्या लोकांपर्यंत धान्य-औषधं पोचवायची. निळ्या टोपीतला त्याचा फोटो मी टीव्हीच्या वर लावलाय. लोणीत आमच्या घरी कुणी पावणं आलं की आधी फोटो, मग चहा.

आन् ही राखी, मांगीलालशेठची सून. पेठेत त्यांचं किराणा दुकान, तिचा नवरा अंकित आमच्या सोपानचा वर्गमित्र. सोपान उन्हाळ्यात सुट्टीवर आला तवा साबण आणायला म्हणून गेला आन् तिथंच गप्पा मारत बसला. तवापासून बाईच्या अंगात वारं शिरलं. म्हणे, मोठमोठे देश शांतिसेनेची वर्गणी वेळेवर भरत न्हाईत, म्हणून तिकडं औषधं, गाड्या, हेलिकॉप्टर, सगळ्याची ओढाताण. गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करायचे आन् खासदारांच्या हातात द्यायचे, म्हंजे ते दिल्लीत बोलतील. स्कुटी काढून निमगाव सावा झालं, येडगाव झालं. तिथल्या बायांना इचारायची, "जत्रेची वर्गणी बुडवून पालखीला खांदा द्यायला पुढं येतो, त्याला तुमी काय म्हणता?" बाया हसायच्या आन् हात वर करायच्या.

लोक तिला शांतिसेनेवाली राखीताई म्हणायला लागले. आन् मला? "राखीताई सांगतात ना, त्या जवानाची आई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, तुझं कोण हाय तिकडं? पोर वाढवलं मी, आन् आयत्या बिळावर नागोबा ही!

पण खरं झोंबलं ते येगळंच. सोपान मला फोन करायचा तवा "बरा हाय, जेवलो, ठेवू का?" एवढंच. एक दिवस साखर आणायला दुकानात गेले, तर राखीच्या मोबाइलवर त्याचाच आवाज चाललेला. लांबलचक मेसेज! मला बघितल्यावर तिनं मोबाइल झटक्यात पालथा घातला.

"काय गं, काय म्हणतोय सोपान?"

"काही न्हाई काकू, मोहिमेचंच."

माझ्या पोटच्या गोळ्याचा आवाज, आन् माझ्यापास्नंच चोरून! तशीच माघारी फिरले. आमचे मालक म्हणले, "साखर कुठंय?" मी म्हणलं, "आजपास्नं गुळाचा चहा." ते शहाणे, गूळ शोधायला उठले.

मग आपल्या लोणीच्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचं ठरलं. ठरावाला सूचक लागतो, त्यो मांडतो. आन् एक अनुमोदक लागतो, त्यो पाठिंबा देतो. सूचकाचं नाव पहिलं. मी सरपंचांच्या घरी जाऊन बसले. "सूचक मीच. न्हाईतर माझ्या लेकाचं नाव कुणी काढायचं न्हाई." मला वाटलं राखी भांडंल. तर ती म्हणाली, "काकू, तुमच्यापुढं मी कोण? मी अनुमोदक होते." भांडली असती तर बरं वाटलं असतं. मेली चांगुलपणातबी माझ्या पुढं!

सभेला मी ठेवणीतली इरकली नेसले. ठराव मांडला, टाळ्याबी पडल्या. तेवढ्यात चांगदेव उठला. ह्यो माणूस सभेत उठला की समजायचं, आता काडी पडली.

"काय राव, आपल्या पाण्याची मोटर जळून पडलीय, आन् आपण जगाच्या फौजेला हेलिकॉप्टर मागतोय. शीलावहिनी, तुमच्या सोपानला तिकडं नेमकं काय कमी हाय, एवढं सांगा."

भरल्या सभेत आईला असं इचारायचं? माझ्या लेकाला काय कमी हाय? भिकाऱ्याघरचा हाय का त्यो! मी पदर खोचला. "माझ्या सोपानला कायबी कमी न्हाई! मला सगळं सांगतो त्यो. खायला भरपूर, झोपायला एसी, डॉक्टर तर दाराशी उभा!" एसी माझ्या पदरचा. डॉक्टरबी.

"झालं तर मग," चांगदेव म्हणला, "ठराव कशाला पायजे?"

सभा हसली. सरपंच माझ्याकडं बघून म्हणले, "मागं घ्यायचा का वहिनी?"

मी राखीकडं बघितलं. मला वाटलं, आता ही उठती आन् माझी अब्रू काढती. पण ती खाली मान घालून बसलेली. गावोगाव घसा कोरडा केलेली बाई. तिची मोहीम डोळ्यांदेखत मातीत चाललीय, आन् तोंडातनं शब्द न्हाई. तवा मला त्यो झटक्यात पालथा घातलेला मोबाइल आठवला.

"राखी, तुला काय ठावं हाय?"

"काकू, घरी सांगते."

"हितं सांग. सूचक मी हाय, मी इचारतीय."

ती उठली. "सोपानभाऊंना मलेरिया झाला व्हता. डोक्यात गेलेला. हेलिकॉप्टर मागवलं, पण ते एकच, आन् ते दुसऱ्या छावणीला गेलेलं. गाडीत घालून चिखलातनं न्यावं लागलं. शुद्ध नव्हती, त्यांच्या सोबत्यानं आमाला कळवलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पहिलं हेच सांगितलं, आईला कळू देऊ नका. मी शब्द दिला व्हता, काकू. आता बरे हायेत, ड्युटीवर हायेत."

"कवा झालं ह्ये?"

"दिवाळीत."

दिवाळीत. दिवाळीत त्याचा फोन आला न्हाई म्हणून मी रुसले व्हते. भाऊबीज उलटल्यावर केला, तर मी त्याला म्हणलं, "आईची आता गरज उरली न्हाई का रं तुला?" आन् त्यो हसला व्हता. देवा!

चांगदेवानं सगळ्यांच्या आधी हात वर केला. मग सभेनं केला. ठराव मंजूर झाला, सूचक म्हणून माझं नाव पहिलं पुकारलं. मला ते नीट ऐकूबी आलं न्हाई.

बाहेर आल्यावर मी राखीचा हात धरला. "तवा तू काय केलंस गं?"

"काय करणार, काकू. त्यांचा मेसेज येईपर्यंत जेवण जाईना. कोठारात जाऊन रडायचे. सासूबाईंना सर्दी झाली म्हणून सांगायचे."

गावाला वाटतं, आता शीलाचा हेवा गेला. कुठला जातोय! उलट आता जास्तच जळतीय मी. नाव दिलं तिनं मला, मान दिला, मागायच्या आधी दिला. पण त्या दिवाळीत माझ्या लेकासाठी रडायचं व्हतं ते मी. मी करंज्या तळत बसले, आन् माझ्या वाटणीचं रडू ती रडून मोकळी झाली. ते मी तिच्याकडं कुठल्या तोंडानं मागू?