सार्जंटसाहेबांचे गुडघे

वेल्समधल्या आमच्या चॅपलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, रविवारी उपदेशाआधी लहान मुलं एकेक करून पुढे येतात आणि पाठ केलेलं बायबलमधलं वचन म्हणतात. अगदी चिमुकल्यांसाठी तीन शब्दांचं वचन ठरलेलं. तेही कुणी विसरलं तर अख्खं चॅपल ओठांतल्या ओठांत पुरवतं.

चार वर्षांची सिवान मात्र वचनापेक्षा चावण्यासाठी प्रसिद्ध. बाप ग्वियोन तुरुंगात, आई पहाटेपासून बेकरीत, आणि पोर चॅपलामागच्या खोलीत, नेस्टबाईंच्या बालवाडीत. दोन मुलांच्या आयांनी तक्रार केली होती. तिला ठेवायचं की काढायचं, हे त्या रविवारी चहाच्या वेळी ठरणार होतं. शेवटचा शब्द एल्विन यांचा. हे निवृत्त पोलीस सार्जंट, आता चॅपलचे कारभारी.

"बापावर गेलीय," ते दारातच म्हणाले. "त्यालाही लहानपणी मीच रविवारच्या शाळेतून काढलं. बिस्किटं लांबवायचा."

"आणि मग नोकरीभर त्याच्याच मागे धावलात, कुंपणांवरून उड्या मारत," नेस्टबाई म्हणाल्या. "अहो सार्जंटसाहेब, तेव्हाच दोन बिस्किटं जास्त दिली असतीत तर आज गुडघे शाबूत असते!"

"गुडघ्यांचं नाव काढू नका."

"मी कशाला काढू? जिना चढताना तेच ओरडतात."

सिवान पुढे आली. तीन शब्दांतला एकही आठवेना. एल्विन प्रेमाने वाकले, बोट उंचावून पहिला शब्द पुरवू लागले. सिवानने ते बोट कडकडून चावलं.

सिवान रडली नाही. दाराजवळच्या खुंटीवरून तिने आपला कोट ओढला, उलटा अंगात घातला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. चावल्यावर पुढे काय होतं, ते तिला चांगलं पाठ होतं.

एल्विन बोट चोळत बघत राहिले. याच दाराशी ग्वियोनही असाच उभा होता. ते तिच्यापाशी गेले आणि कण्हत गुडघ्यांवर बसले.

"कुठे निघालीस गं? चहा व्हायचाय अजून."

"मला काढलं ना?"

"मला न विचारता? काढ तो कोट."

मागून नेस्टबाई हळूच म्हणाल्या, "बसलात खरे, उठणार कसे?"

सिवानने तेच चावलेलं बोट धरलं आणि जीव खाऊन ओढलं. मग पुढे जाऊन, ते बोट न सोडताच, तिने तिन्ही शब्द म्हटले. आमच्याकडे उपदेश रंगला की त्याला गाण्यासारखा सूर लागतो; त्या दिवशी पाळकांना तो असा लागला, की शेवटी ते बोलत नव्हते, गातच होते.

चहाच्या वेळी एल्विननी बिस्किटांची बशी सिवानच्या हातात दिली, सगळ्यांना वाटायला. बशी परत आली ती बरीच हलकी होऊन, आणि खुंटीवरच्या तिच्या कोटाचा खिसा फुगलेला.

सार्जंटसाहेब खिडकीबाहेर बघत होते.